दीर्घिकांच्या जन्माचा अभ्यास आणि त्यातलं करिअर : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, गुहागर, देवगड, मालवण या भागातल्या शाळा-कॉलेजांत बोलायला गेलं किंवा आकाशदर्शनाला मंडळी जमली, की ठरावीक प्रश्न येतातच. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी मूळची कोकणातली, नोकरी घाटावर. दीर्घिका (गॅलेक्सी, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह) कशा घडल्या, कशा बदलत गेल्या आणि त्यांच्यातला हायड्रोजन वायू कुठून आला, कुठे गेला, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे.

खगोलशास्त्र म्हणजे पत्रिका बघणं का?

नाही. पत्रिकेशी या विषयाचा काहीच संबंध नाही.

मग तुम्ही नेमकं काय शोधता?

सूर्य आणि त्याच्यासारखे शंभर अब्जांहून जास्त तारे मिळून आपली आकाशगंगा झाली आहे. तिचा व्यास साधारण एक लाख प्रकाशवर्षं (प्रकाश एका वर्षात जितकं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष). शंभर वर्षांपूर्वीपर्यंत हेच सारं विश्व, असं मानणारे मोठमोठे शास्त्रज्ञ होते. १९२३ साली एडविन हबल यांना देवयानीच्या तेजोमेघात एक रूपविकारी, म्हणजे ठरावीक काळाने तेज कमीजास्त होणारा तारा सापडला, त्यावरून अंतर काढता आलं आणि देवयानी ही आपल्या आकाशगंगेच्या खूप बाहेर असलेली स्वतंत्र दीर्घिका आहे हे कळलं. आज हे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं धरतात.

अशा अब्जावधी दीर्घिका आहेत. काही देवयानीसारख्या सर्पिल, निळसर, अजून नवे तारे घडवणाऱ्या. काही लंबगोल, तांबूस, जिथे तारे घडणं जवळजवळ थांबलंय. हा फरक का पडला, हा आमचा मूळ प्रश्न. सगळ्या विश्वाचा हिशेब मांडला तर तारे घडण्याचा वेग सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी सर्वांत जास्त होता. आज तो त्याच्या जेमतेम एक दशांश उरलाय. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. म्हणजे तारे घडण्याचा भर ओसरून बराच काळ लोटला. का ओसरला, हे शोधताना माझ्यासारख्यांची कामाची वर्षं कशी जातात ते कळत नाही.

दीर्घिका तयार कशी होते?

सुरुवातीच्या विश्वात द्रव्य जवळजवळ सारखं पसरलेलं होतं, काही ठिकाणी किंचित दाट. दाट जागी गुरुत्वाकर्षणाने आणखी द्रव्य ओढलं गेलं. त्यात मोठा वाटा कृष्णद्रव्याचा. ते प्रकाश देत नाही, अडवत नाही, पण नेहमीच्या द्रव्याच्या पाचपट भरतं. ते आहे याचा भक्कम पुरावा दीर्घिकांच्या फिरण्यातूनच आला. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० साली देवयानीचा वेग मोजून दाखवला: कडेचे भाग जितके मंद फिरायला हवे होते तितके मंद नव्हते. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनात हे बसेना.

कृष्णद्रव्याच्या या गोळ्यांत वायू पडतो, तापतो, मग उष्णता बाहेर टाकून थंड होतो आणि फिरत फिरत चकतीसारखा बसतो. चकतीत तारे घडतात. छोट्या दीर्घिका मोठ्यांत विलीन होतात. आपल्या आकाशगंगेनेही हे केलंय: ताऱ्यांच्या जागा आणि वेग मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजणीतून २०१८ साली कळलं, की साधारण दहा अब्ज वर्षांपूर्वी एक बऱ्यापैकी मोठी दीर्घिका तिने गिळली होती. त्या दीर्घिकेचे तारे वेगळ्याच कक्षांमध्ये अजून फिरताहेत. धनू राशीच्या दिशेला १९९४ साली सापडलेली एक बटू दीर्घिका तर आत्ता, या घडीला, आपल्यात विरघळते आहे.

इथपर्यंतचं चित्र बऱ्यापैकी पक्कं आहे. खरी अडचण वायूची. गुरुत्वाकर्षण सोपं आहे, वायू हट्टी आहे. तारे फुटतात तेव्हा तो बाहेर फेकला जातो, मध्यभागीचं प्रचंड कृष्णविवर भडकलं की तापून पडायचा थांबतो. संगणकावर विश्व घडवून पाहणारे आमचे सहकारीसुद्धा या दोन गोष्टी अजून अंदाजाच्या सूत्रांनीच घालतात.

अब्जावधी वर्षांपूर्वीचं आज कसं कळतं?

प्रकाशाला यायला वेळ लागतो म्हणून. आठ अब्ज वर्षं प्रवास करून आलेला प्रकाश त्या काळची दीर्घिका दाखवतो. विश्व प्रसरण पावत असल्याने वाटेत त्या प्रकाशाची तरंगलांबी वाढते, वर्णपट (प्रकाश फाकवून मिळणारा रंगांचा पट्टा) तांबड्याकडे सरकतो. किती सरकला त्यावरून काळ काढता येतो.

पण एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही, म्हणून ठासून सांगते. एकच दीर्घिका लहानाची मोठी होताना आम्हाला कधीच दिसत नाही. आम्हाला दिसतात वेगवेगळ्या काळातल्या वेगवेगळ्या दीर्घिका. त्यांतली कोणती पुढे जाऊन कशी झाली असेल, ते संख्याशास्त्राने जुळवावं लागतं. या विषयातले बहुतेक वाद या जुळवणीवरचे असतात.

हेलियमचा शोध विजयदुर्गात लागला, हे खरं का?

हा प्रश्न देवगड तालुक्यात हमखास येतो आणि मला तो फार आवडतो. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून सांगतात, की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्लंडचे शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी इथून हेलियम शोधला. तेव्हा लॉकियर इंग्लंडमध्ये होते. १८६८ च्या ग्रहणाची महत्त्वाची निरीक्षणं फ्रान्सच्या पिएर जान्सेन यांनी गुंटूरहून केली. लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसतानाच, इंग्लंडमधून सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला आणि त्यातली एक पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडावं लागलं.

विजयदुर्गाला लॉकियर खरोखर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी किल्ल्यावर वर्णपट घेण्याची मोठी तयारी केली होती. माझ्या मते खरी हकिकतच जास्त अभिमानाची आहे. ज्या माणसाने वर्णपटातल्या एका रेषेवरून नवं मूलद्रव्य ओळखलं, तो तेच तंत्र घेऊन आपल्या किनाऱ्यावर आला होता. दूरच्या दीर्घिकेत ऑक्सिजन किती, तारे किती जुने, वायू कोणत्या वेगाने बाहेर पडतोय, हे सारं आम्ही आजही वर्णपटातल्या रेषांवरूनच वाचतो. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो, तो जरूर व्हावा. मुलांना सांगताना साल मात्र नीट सांगावं.

तुम्ही रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसता का?

नाही. मी वापरते ती दुर्बीण डोळा लावायची नाहीच. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. दूरच्या दीर्घिकेतून येईपर्यंत ती तरंगलांबी वाढून दुप्पट किंवा त्याहून जास्त होते, आणि नेमक्या त्या पट्ट्यात जीएमआरटी जगातल्या उत्तम दुर्बिणींपैकी एक आहे.

दुर्बिणीवर वेळ मिळवायला प्रस्ताव लिहावा लागतो. कोणती दीर्घिका, का, किती तास, निष्कर्ष काय निघू शकेल. जगभरातून प्रस्ताव येतात, तज्ज्ञ समिती छाननी करते, आणि चांगला प्रस्तावही नाकारला जातो. वेळ मिळाला की निरीक्षण काही तासांत होतं. त्यानंतर कित्येक महिने संगणकापुढे: मोबाइल, उपग्रह, विजेच्या तारा यांचा गोंगाट काढून टाकायचा, अँटेनांची मापं जुळवायची, मग प्रतिमा. सगळं पायथन या संगणकीय भाषेत आणि खास या कामाच्या प्रणालींत. त्यानंतर शोधनिबंध, परीक्षकांचे आक्षेप, पुन्हा गणित. ज्याला वाचायला, लिहायला आणि एकाच आकड्यामागे आठवडाभर लागायला आवडत नाही, त्याने या वाटेला येण्याआधी विचार करावा.

पावसाळ्यात काम बंद असतं का?

रेडिओ लहरी ढगांतून आरपार येतात. जुलैत कोकणात सूर्य दिसत नाही तेव्हाही खोडदला निरीक्षणं चालू असतात. विजा कडाडल्या तर मात्र त्रास होतो. दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणींचं वेगळं. त्या म्हणूनच लडाखमधल्या हानले किंवा उत्तराखंडातल्या देवस्थळसारख्या उंच, स्वच्छ आकाशाच्या जागी बांधतात.

भारतात राहून मोठं संशोधन होतं का?

होतं. उदाहरणं देते.

२०२० साली आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीवर सुमारे १०० तास निरीक्षण करून आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला. इतक्या लांबच्या एकट्या दीर्घिकेचा संदेश इतका क्षीण असतो की तो गोंगाटात बुडून जातो. म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले. गणपतीत खाडीपलीकडच्या एका घरातली आरती आपल्याला ऐकू येत नाही, पण सगळ्या वाडीने एका सुरात म्हटली तर येते, तत्त्व तेच. निघालेलं उत्तर मोलाचं होतं: त्या दीर्घिकांकडचा वायू, ज्या वेगाने तारे घडत होते त्या वेगाने, एक-दोन अब्ज वर्षांतच संपणार होता, आणि बाहेरून नवा वायू पुरेसा येत नव्हता. तारे घडणं का ओसरलं, याचं मोजमापावर उभं असलेलं एक कारण हाती आलं. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतलं या विषयातलं हे सर्वांत सुंदर काम.

त्याच वर्षी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या कनक साहा यांच्या गटाने ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरून सुमारे ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून येणारा तीव्र अतिनील प्रकाश टिपला. त्या उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीचा आरसा अवघा ३८ सेंटिमीटरचा आहे. आणि २०२५ च्या अखेरीस पुण्याच्याच राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीच्या माहितीतून ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका दाखवून दिली. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असताना तिच्यात दोन रेखीव भुजा तयार झालेल्या होत्या. इतक्या लवकर असं होईल अशी बहुतेकांची अपेक्षा नव्हती.

यातली वेबची माहिती कोणालाही उतरवून घेता येते. जीएमआरटीची निरीक्षणंही ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात. राजापूरला बसलेल्या विद्यार्थ्याकडे चांगलं इंटरनेट आणि बरा संगणक असेल, तर त्याच्या हाती तेच आकडे येतात जे केंब्रिजच्या विद्यार्थ्याच्या हाती आहेत. माझ्या शिक्षकांच्या पिढीला हे नव्हतं.

जेम्स वेबने बिग बँग खोटा ठरवला, असा व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय. खरं आहे?

नाही. वेबला फार लवकरच्या काळात अपेक्षेहून जास्त आणि जास्त तेजस्वी दीर्घिका दिसल्या. २०२४ मध्ये जाहीर झालेली एक तर विश्व ३० कोटी वर्षांचंही नसतानाची आहे. प्रश्न पडलाय तो दीर्घिका इतक्या झटपट कशा घडल्या याचा. विश्व प्रसरण पावतंय आणि पूर्वी ते उष्ण, दाट होतं, याचे पुरावे वेगळे आहेत आणि ते जागच्या जागी आहेत.

बिग बँगवर जन्मभर गंभीर आक्षेप घेणारे शास्त्रज्ञ आपल्याकडेच होते: जयंत नारळीकर, जन्म कोल्हापूरचा. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी पर्यायी सिद्धान्त मांडला, १९८८ साली पुण्यात आयुका उभी केली, आणि तिथे त्यांच्या मताविरुद्ध काम करणाऱ्यांनाही पूर्ण मोकळीक दिली. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. आक्षेप कसा घ्यावा हे त्यांच्याकडून शिकावं: गणित मांडून, निरीक्षणाची कसोटी सांगून.

देवयानी आपल्यावर आदळणार आहे ना?

बरीच वर्षं आम्हीही खात्रीने तसंच सांगत होतो. २०२५ च्या एका अभ्यासानुसार येत्या दहा अब्ज वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. झाली तरी तारे एकमेकांवर आपटत नाहीत, त्यांच्यामध्ये फार जागा असते.

मराठी माध्यमातल्या मुलाला जमेल का?

जमतं. पहिलं वर्ष जड जातं, कारण वर्गात सगळे इंग्रजीत भराभर बोलतात आणि आपण गप्प बसतो. ज्ञान कमी नसतं, बोलायचा सराव कमी असतो. अकरावीपासूनच भौतिकशास्त्राचं एखादं इंग्रजी पुस्तक शांतपणे, उदाहरणं स्वतः सोडवत वाचा. गणित पाठ करू नका. कोकण विभाग दहावी-बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. त्या मार्कांच्या जोडीला न दिलेलं उदाहरण सोडवायची सवय लागली, तर आपली मुलं कुठेही कमी पडणार नाहीत.

बारावीनंतर कोणती वाट?

वाटा दोन-तीन आहेत. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. मग आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची प्रवेशपरीक्षा देऊन तिथे पाच वर्षं. किंवा रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडी अशा जवळच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी., नंतर ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत किंवा विद्यापीठात एम.एस्सी. पीएच.डी.साठी जेस्ट, नेट, गेट या परीक्षा, शिवाय आयुका आणि एनसीआरए या पुण्यातल्या संस्थांची स्वतःची निवडप्रक्रिया आणि मुलाखत. नियम बदलत असतात, त्या त्या वर्षी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

इंजिनिअरिंग केलेल्यांनाही जागा आहे. अँटेना, रिसीव्हर, संगणकीय प्रणाली हे सारं त्यांच्याशिवाय उभं राहत नाही. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या एसकेए या महाकाय रेडिओ दुर्बिणीत भारत भागीदार आहे, आणि तिथे अशी माणसं लागणार आहेत.

शाळेत असाल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र खगोलशास्त्राच्या ऑलिंपियाडची तयारी करून घेतं. जुने पेपर मोफत मिळतात. निवड होवो न होवो, ते सोडवाच.

पोटापाण्याचं काय?

आईवडिलांचा हा प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देते. पीएच.डी.ला फी भरून शिकायचं नसतं, पाठ्यवृत्ती मिळते: २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, वर घरभाडं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं लागतात. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या कराराच्या संशोधन जागा, बहुधा परदेशात, एक किंवा दोन वेळा. कायम नोकरी लागेपर्यंत वय पस्तिशीच्या आसपास जातं. आणि कायम जागा कमी आहेत. माझ्याबरोबर शिकलेल्या बऱ्याच जणांना त्या मिळाल्या नाहीत. ते आज डेटा सायन्समध्ये, हवामानाच्या कामात, अध्यापनात आहेत आणि चांगले आहेत, कारण गोंगाटातून अर्थ काढण्याचं त्यांचं शिक्षण तिथे कामी येतं.

घरावर कर्ज असेल, धाकट्या भावंडांची जबाबदारी असेल, तर हा काळ कठीण जातो. मुलाने किंवा मुलीने हे आधीच घरी मोकळेपणी बोलावं.

मुलीला इतकी वर्षं शिकवायचं, मग तिच्या लग्नाचं?

देवयानीचं अंतर रूपविकारी ताऱ्यांच्या ज्या नियमामुळे काढता आलं तो हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली मांडलेला. रुबिन यांना प्रिन्स्टनला प्रवेश मिळू शकला नाही, कारण तिथे खगोलशास्त्राच्या त्या अभ्यासक्रमात १९७५ पर्यंत बायकांना घेतच नसत. त्यांनी संसार सांभाळत दुसऱ्या विद्यापीठातून १९५४ साली पीएच.डी. केली, त्यांची चारही मुलं पुढे पीएच.डी. झाली. मुलीला आवड असेल तर तिला पाठवा. लग्नाचं तिला ठरवू दे.

ह्या सगळ्याचो आमका उपयोग काय?

भाव वाढेल, मासळी जास्त मिळेल, असं काही मी सांगणार नाही. आपल्या हाडांतलं कॅल्शियम आणि रक्तातलं लोह ताऱ्यांत तयार झालं, ते ताऱ्यांच्या स्फोटांतून आकाशगंगेच्या वायूत मिसळलं, आणि त्या वायूतून पुढे सूर्य आणि पृथ्वी घडली. दीर्घिकेने तो वायू धरून ठेवला नसता तर आपण नसतो. आपण कुठून आलो हे जाणून घ्यायची ओढ शेतकऱ्याच्या मुलाला तितकीच असते जितकी प्राध्यापकाच्या, हे मी प्रत्येक आकाशदर्शनात पाहते.

आमच्या अंगणातून दीर्घिका दिसेल का?

दिसेल, नुसत्या डोळ्यांनी. कार्तिक-मार्गशीर्षात अमावास्येच्या आसपास रात्री आठ-नऊला डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा. त्याच्या ईशान्येकडच्या कोपऱ्यातून देवयानीचे तारे ओळीने निघतात. दुसऱ्या ठळक ताऱ्यापाशी थांबून शर्मिष्ठेच्या दिशेने वळा, दोन मंद तारे ओलांडले की पुसट ठिपका दिसतो. तीच देवयानी दीर्घिका.

आपल्या आकाशगंगेचा मध्य ऐन पावसाळ्यातल्या रात्री दक्षिणेला सर्वांत उंच येतो, म्हणून तो आपल्याला चुकतो. ऑक्टोबरात अंधार पडल्यावर नैर्ऋत्येला, समुद्राच्या अंगाला पाहा; किंवा मार्चात पहाटे चारला आग्नेयेला, सह्याद्रीच्या अंगाला. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण २५ अंशांवर, त्रिशंकूच्या डावीकडे वर ‘ओमेगा सेंटॉरी’ हा तारकागुच्छ असतो. एका जुन्या बटू दीर्घिकेचा हा उरलेला गाभा असावा, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. युरोपातल्या बहुतेक ठिकाणांहून तो दिसत नाही, आपल्याला सहज दिसतो.

हे दिसायला अंधार लागतो, आणि तो कोकणात झपाट्याने कमी होतोय. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टचे झोत, नाक्यानाक्यांवरचे हायमास्ट, क्षितिजावर एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या नौका. दिवा खाली वळवला, वरून झाकला, तरी रस्त्यावर उजेड तेवढाच पडतो. ग्रामपंचायतीत हा विषय मांडा, कळकळीने सांगते.

दुर्बीण कोणती घ्यावी?

आधी १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री. मोठी दुर्बीण नंतर. खाऱ्या दमट हवेत भिंगांना बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पदवी नसताना संशोधनात हातभार लावता येईल का?

येईल. ‘गॅलेक्सी झू’ हा उपक्रम २००७ पासून चालू आहे. संकेतस्थळावर दीर्घिकांची चित्रं पाहून त्यांचा आकार ओळखायचा. नेदरलँडच्या एका शाळाशिक्षिकेला त्यातच दीर्घिकेशेजारचा एक अनोळखी हिरवा ढग दिसला, आणि त्यावर शोधनिबंध निघाले.

शाळेत आकाशदर्शन ठेवायचंय. कधी ठेवावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अमावास्येच्या आगेमागे, शनिवारी. मैदानाभोवतीचे दिवे बंद करायची परवानगी आधीच घ्या, मुलांना अर्धा तास अंधारात बसू द्या, टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. समुद्रावर ठेवणार असाल तर भरतीची वेळ पाहा. शिमग्यात ठेवू नका: चंद्र पुरा असतो आणि सगळा गाव पालखीबरोबर असतो.